निश्चल पडून राहण्याची विद्या

मार्च 1927. खादीच्या प्रचारासाठी दौऱ्यावर निघालेले गांधीजी कोल्हापूरपर्यंत आले आणि तिथे त्यांच्या शरीराने साथ सोडली. सभा, प्रवास, भेटी आणि रोजचा पत्रांचा ढीग यांचा तो परिणाम होता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो चिंता वाटावी इतका वाढला होता. दौरा थांबला. आधी आंबोलीच्या थंड हवेत आणि पुढे म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्याच काळात गांधीजींचा लोणावळ्याच्या एका योगशिक्षकाशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यांनी सांगितलेले काही प्रकार गांधीजींनी करून पाहिले. ते शिक्षक म्हणजे स्वामी कुवलयानंद.

रक्तदाबावर खात्रीची औषधे तेव्हा नव्हतीच. डॉक्टर फार तर मीठ कमी करा, काम सोडा, पडून राहा असे सांगत. पण पडून कसे राहायचे, हे कोणी शिकवत नव्हते. अंथरुणाला पाठ लागली तरी डोक्यातला गलका थांबत नाही, हा अनुभव त्या काळच्या माणसालाही होता. भारतात मात्र याची एक जुनी, बारकाईने सांगितलेली पद्धत होती. ती होती शवासन.

साधारण तेराव्या शतकातल्या दत्तात्रेययोगशास्त्र या संस्कृत ग्रंथात जमिनीवर प्रेतासारखे उताणे पडण्याचा उल्लेख येतो. तिथे ते आसनांमध्ये मोजलेले नाही. चित्ताचा लय साधण्याच्या ज्या युक्त्या शिवाने सांगितल्या असे मानले जाते, त्यांत नासाग्रावर दृष्टी लावण्यासारख्या युक्त्यांबरोबर हीही आहे. म्हणजे मुळात ही साधना समाधीच्या वाटेवरची. पुढे पंधराव्या शतकात स्वात्मारामाने हठप्रदीपिका लिहिली आणि आपल्या पंधरा आसनांत शवासनाला जागा दिली. त्याने सांगितलेले फळ अगदी साधे आहे: शिणवटा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. घेरंडसंहितेत हेच आसन मृतासन या नावानेही येते. लयसाधनेतून आसनांच्या यादीत आल्यावर शवासनाचा रोख बदलला. मोक्षाची ओढ नसलेल्या, नुसत्याच थकलेल्या माणसालाही ते आता आपले वाटू शकत होते. पण ग्रंथ संस्कृतात होते आणि विद्या गुरूकडून शिष्याकडे जात होती. संसारी माणसापर्यंत ती पोचायला विसावे शतक उजाडावे लागले.

ती पोचवणाऱ्यांत जगन्नाथ गणेश गुणे हे नाव फार मोठे आहे. 1883 साली डभोईला जन्मलेले गुणे बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, अमळनेरला शिक्षक झाले आणि नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. मुंबईचे श्री योगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. त्यांनी 1918 च्या डिसेंबरात वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. एका वृद्ध साधूच्या दोन शिष्यांनी सहा वर्षांच्या आत दोन संस्था उभ्या केल्या आणि दोघांनीही घरसंसार असलेल्या माणसांसाठी योगाचे दार उघडले. आधुनिक योगाच्या इतिहासात मालसरचे नाव यापेक्षा कितीतरी ठळक असायला हवे.

गुणे यांची जात प्रयोगकर्त्याची. श्रद्धा होती, पण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. संस्था काढण्याआधीच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासून घेतल्या होत्या. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्यात एकीकडे शास्त्रार्थ असे आणि दुसरीकडे क्ष-किरणांची चित्रे आणि दाबाची मोजमापे. पुढे गुणे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. तेव्हा योग्यांबद्दलचे कुतूहल बहुतेक चमत्कारांभोवती घुटमळे: अमका नाडी बंद करतो, तमका जमिनीत पुरून घेतो. कुवलयानंदांचे लक्ष शाळकरी मुलगा, कारकून आणि दमेकरी यांच्याकडे होते. त्यांच्या कामाचे मोठेपण इथे आहे.

गंमत अशी, की याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला शिकागोत एडमंड जेकबसन हे वैद्यक-संशोधक स्नायूंचा ताण मोजत होते. त्यांचे 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हे पुस्तक 1929 साली आले. एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सैल सोडायचा, ही त्यांची रीत. लोणावळ्यातही अंगाचा एकेक भाग सैल करत जायला शिकवत, पण पुढे श्वासाची लय धरायला लावत. विश्रांती आपोआप मिळत नाही, ती शिकावी लागते, यावर दोन्हीकडे एकमत होते.

या विद्येचा रुग्णालयात प्रवेश झाला तो 1960 च्या दशकात, परळच्या केईएममध्ये. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवले. सहकाऱ्यांत कैवल्यधामचे डॉ. एस. एल. विनेकर होते. कुवलयानंदांबरोबर त्यांनी 1963 साली योगोपचारावरचे पुस्तक लिहिले होते. रुग्णाने रोज अर्धा तास पाठीवर पडायचे, हातपाय किंचित फाकलेले, डोळे मिटलेले. श्वास पोटातून आणि संथ. तो आत घेतल्यावर क्षणभर थांबायचे, सोडल्यावर त्याहून थोडे जास्त. लक्ष नाकपुड्यांशी ठेवायचे, कारण आत येणारी हवा गार लागते आणि बाहेर जाणारी कोमट. हे अंगवळणी पडायलाही काही आठवडे जात.

1969 साली हा अभ्यास 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषधे न घेणारे दहा रुग्ण होते. त्यांचा सरासरी रक्तदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला, 134 वरून 107 वर आला. औषधांनी ज्यांचा रक्तदाब काबूत होता अशा 22 जणांपैकी निम्म्याहून अधिकांची औषधे साधारण एक तृतीयांशावर आणता आली. औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब आवरत नव्हता, त्यांच्यात फायदा थोड्यांनाच झाला. या अभ्यासात तुलनेसाठी शवासन न करणाऱ्यांचा गट नव्हता, ही त्याची मोठी उणीव. तरीही गिरणगावातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने शवासनाची मात्रा ठरवली, मापे घेतली आणि अपयशही छापले. मराठी माणसाने याचा अभिमान बाळगावा.

ती उणीव भरून निघाली इंग्लंडमध्ये. क्रॉयडनच्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी योगातली शिथिलता आणि शरीरातले बदल रुग्णालाच दाखवणारे बायोफीडबॅकचे यंत्र यांची सांगड घातली. 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी वीस रुग्णांचा अनुभव मांडला. 1975 साली तर 34 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तुलनेचा गट ठेवलेली चाचणी छापली आणि तिच्यातही शिथिलता शिकलेल्यांचा रक्तदाब अधिक उतरला.

पुण्यात ही गोष्ट वेगळ्या अंगाने वाढली. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली सहा महिन्यांसाठी म्हणून डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या 1966 सालच्या ग्रंथात अंगाची परीक्षा पाहणारी आसने पानोपानी आहेत. आणि तरीही, दिसायला सर्वांत सोपे असलेले शवासन साधायला फार अवघड, असे त्यांनी त्यातच नोंदवले. शरीर थांबवता येते, मन थांबवणे कठीण, हे त्यांचे कारण. ग्रंथातले अभ्यासक्रमही बहुधा शवासनानेच संपतात. जगभरच्या योगवर्गांत शेवटी पाठीवर पडण्याची जी रीत रुळली, तिला या ग्रंथाचा मोठा हातभार आहे.

पण शेवटी आले म्हणून ते उरल्यासुरल्या वेळातले झाले. तासभर घाम गाळायचा आणि अखेरच्या दोन मिनिटांत पाठ टेकवायची. तोवर कोणाचा फोन वाजतो, कोणी चटई गुंडाळायला लागतो. दाते यांच्या रुग्णांना शवासनाने जे मिळाले, ते यातून मिळणार नाही, कारण त्यांचे शवासन हाच अख्खा उपचार होता. वर्ग चालवणाऱ्यांनी शवासनाला निदान पंधरा मिनिटे द्यावीत आणि ते शिकवावे, नुसते पडा म्हणून सोडून देऊ नये. आणि ज्यांच्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी शवासन जरूर करावे, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. केईएममध्येही ती डॉक्टरांनीच, रक्तदाब मोजत मोजत कमी केली होती.