एका प्राण्याचीं चार नांवें

सुळा आणि दाढ एकाच तोंडांत नांदतात, हें आपण रोज पाहतों म्हणून आपणांस ठाऊक. पण तोंड गेलें, जबडा गेला, आणि केवळ एक दाढ वाळूंत सुटी सांपडली तर? अमेरिकेंतील वायोमिंगमध्यें सांपडलेल्या दांतांनीं इ. स. १८८९ च्या सुमारास हाच पेंच शास्त्रज्ञांपुढें टाकला.

हे दांत क्रिटेशस युगाच्या अखेरच्या, म्हणजे सुमारें पावणेसात कोटी वर्षांपूर्वींच्या सस्तन प्राण्यांचे. बहुतेक प्राणी उंदराघुशीएवढे. त्यांचीं नाजूक हाडें चुरून गेलीं, टणक कवचामुळें दांत तेवढे राहिले. ते वेंचण्याचें काम जॉन बेल हॅचर यांचें, आणि त्यांचे मदतनीस कोण, तर मुंग्या! त्या आपल्या वारुळावर बारीक खडे रचीत, त्यांत हे दांतही येत. एकेका वारुळांतून दोन-तीनशें दांत व जबड्याचे तुकडे मिळत, असें हॅचर यांनीं १८९६ सालीं लिहिलें आहे. जेथें मुंग्या नसत तेथें ते फावडेंभर वाळूसह त्या नेऊन सोडीत. इतका स्वस्त मजूर आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

येल येथील प्राध्यापक ऑथ्निएल मार्श या दांतांस नांवें देत. एकास 'डिप्रायोडॉन' म्हणजे दोन करवतींचा दांत, दुसऱ्यास 'ट्रायप्रायोडॉन' म्हणजे तीन करवतींचा, तिसऱ्यास 'सेलेनाकोडॉन'. १८९१ सालीं हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनीं आक्षेप घेतला कीं, यांतील पुष्कळ नांवें एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या दांतांस दिलेलीं आहेत. या गणांतील प्राण्यांच्या वरच्या पहिल्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन रांगा असतात, खालच्या दाढेवर दोनच. शिवाय वरील तिन्ही नांवें ज्या वंशाचीं ठरलीं, त्यास एडवर्ड कोप यांनीं १८८२ सालींच 'मेनिस्कोएसस' म्हटलें होतें.

मार्श आणि कोप यांचें हाडवैर (हा शब्द येथें अक्षरशः घ्यावा) प्रसिद्धच आहे. आधीं दिलेलें नांव टिकतें हा नियम असल्यामुळें दोघेही घाईंत असत. पण सारा दोष घाईच्या माथीं मारणें आमच्या मतें अन्याय होईल. पुरा जबडा हातीं नसतां दोन दांत एकाचेच ठरविणें हेंही धाडसच. चुकून दोन प्राणी एक केले, तर एक जात दृष्टीआड होते. उलट एकाचे चार केले, तर डायनोसॉरांबरोबर किती सस्तन प्राणी नाहींसे झाले, हा हिशेबच फुगतो.

तो हिशेब पुष्कळसा नीट केला विल्यम क्लेमेन्स यांनीं. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९६४ सालीं निघाला, तिसरा १९७३ सालीं. माती चाळणींत धुवून दांतांचा मोठा सांठा जमविला, म्हणजे वरची दाढ खालचीवर बसते कीं नाहीं, दोहोंची झीज जुळते कीं नाहीं, हें ताडून पाहतां येतें. एकटा दांत हें सांगूं शकत नाहीं.

आज त्या प्राण्यास 'मेनिस्कोएसस रोबस्टस' म्हणतात. पहिला शब्द कोप यांचा. दुसरा मार्श यांनीं आपल्या डिप्रायोडॉनास दिलेला.