एका आजाराची अनेक नावं

केसपेपरवर एक डॉक्टर 'हार्ट अटॅक' लिहितात, दुसरे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', तर तिसरे नुसतंच 'एमआय'. त्यात 'एमआय' म्हणजे मायट्रल झडपेची गळतीही असू शकते. डॉक्टर संदर्भावरून ओळखतात, संगणकाला मात्र ते शिकवावं लागतं.

या अडचणीची नोंद संगणकाच्या फार आधीची आहे. इंग्लंडमधल्या मृत्युनोंदींचं काम पाहणाऱ्या विल्यम फार यांनी १८३९ मध्येच लिहून ठेवलं, की एकाच आजाराला तीन-चार नावं आहेत आणि एकेक नाव तितक्याच आजारांना लावलं जातं. मग कुठे कशामुळे माणसं दगावतात, हे कळायचं कसं? त्यातून सर्वांनी एकच यादी वापरावी, हा विचार पुढे आला. १८९३ मध्ये जाक बर्तियों यांनी शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून तिचा सांभाळ जागतिक आरोग्य संघटनेकडे आला. आजची 'आयसीडी' ती हीच.

पण डॉक्टर काही यादी बघून लिहीत नाहीत. १९८६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने डोनाल्ड लिंडबर्ग यांच्या नेतृत्वाखाली वेगळी वाट धरली: नावं आहेत तशी राहू द्यायची, अर्थ जोडायचे. या 'यूएमएलएस'मध्ये प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो आणि तिची सारी नावं त्याखाली येतात.

त्यातलं 'नॉर्म' हे साधन शब्दांची रूपं सारखी करतं. 'हॉजकिन्स डिसीझेस' घ्या. षष्ठीचा प्रत्यय जातो, अनेकवचनाचं एकवचन होतं, शब्द वर्णक्रमाने लागतात. उरतं 'डिसीझ हॉजकिन'. उलटसुलट लिहिलेली नावं अशी एका जागी येतात. २००१ मध्ये आलेलं 'नेगेक्स' त्यापुढचं काम करतं: 'ताप नाही' या नोंदीतला नकार ओळखतं.

भारत २०१४ मध्ये 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहाच्या संघटनेचा सदस्य झाला. देशातलं त्याचं काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालतं.

आपल्याकडचा रुग्ण मात्र 'छातीत कळ आली', 'दम लागतो' असं सांगतो. 'दम लागणं' हे लक्षण, 'दमा' हा आजार. इंग्रजीच्या सवयीने शब्दाचं शेपूट छाटणारं साधन इथे दोन्ही एकच करून टाकेल. म्हणून मराठीसाठी साधनं मराठीच्या व्याकरणावरच बेतली पाहिजेत आणि ओपीडीत, आशाताईंच्या कानावर रोज पडणारे शब्द रीतसर टिपून संकल्पनांच्या क्रमांकांना जोडले पाहिजेत. रुग्णाचं म्हणणं त्याच्या नोंदीत नीट उतरावं, हा त्याचा हक्कच आहे.