रोलिंगबाईंचा लंगडा गुप्तहेर

एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ ही रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ. हे गृहस्थ पूर्वी लष्करी पोलिसांत होते आणि आता खासगी सुरक्षा क्षेत्रात काम करतात, असे लेखक-परिचयात म्हटले होते. व्हॅल मॅकडर्मिड यांच्यासारख्या मातब्बर रहस्यकथा-लेखिकेने पुस्तकाची प्रशंसा केली, परीक्षणेही अनुकूल आली. तरीही पहिल्या तीन महिन्यांत ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाच्या जेमतेम १५०० प्रती खपल्या. १४ जुलैला ‘संडे टाइम्स’ने गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरच्या जनक जे. के. रोलिंग असल्याचे जाहीर केले आणि तीच कादंबरी पाहता पाहता अॅमेझॉनच्या विक्रीयादीत शिखरावर गेली. दरम्यान पुस्तकातील एक अक्षरही बदललेले नव्हते!

नाव लपविण्यामागे कारण होते. २०१२ साली आलेली रोलिंग यांची प्रौढांसाठीची पहिली कादंबरी ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’ प्रचंड गाजावाजात बाजारात उतरली, पण समीक्षकांची मते विभागली गेली. कीर्तीचे ओझे बाजूला ठेवून लेखनावर निखळ अभिप्राय मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. तो मिळालाही. गॅलब्रेथच्या हस्तलिखिताला नकार देणाऱ्या एका प्रकाशकाने तर लेखनवर्गाला जाण्याचा सल्ला दिला. ही नकारपत्रे रोलिंग यांनी २०१६ मध्ये ट्विटरवर स्वतःच प्रसिद्ध केली.

गुपित फुटले तेही रहस्यकथेला शोभेल अशा रीतीने. एका पत्रकार महिलेला ट्विटरवरून सुगावा लागला. गॅलब्रेथ आणि रोलिंग यांचा एजंट, प्रकाशक आणि संपादक एकच असल्याचे वृत्तपत्राने शोधून काढले. पुढे अमेरिकेतील पॅट्रिक जुओला आणि ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन या अभ्यासकांनी संगणकाच्या साह्याने दोघांच्या लेखनातील शब्दांची लांबी, नेहमीच्या छोट्या शब्दांची वारंवारता यांची तुलना केली. कौल रोलिंग यांच्या बाजूने पडला. मूळ बातमी फुटली होती ती त्यांच्याच वकिली कंपनीतील एका भागीदाराकडून. पत्नीच्या मैत्रिणीजवळ तो बोलून गेला होता. रोलिंग न्यायालयात गेल्या. कंपनीने माफी मागितली आणि सैनिकांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देणगी दिली.

कादंबरीचा नायक कॉर्मोरन स्ट्राइक हा अफगाणिस्तानात एक पाय गमावलेला माजी सैनिक. लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरील कार्यालयात तो खासगी गुप्तहेराचा व्यवसाय करतो. एका प्रसिद्ध मॉडेलचा गच्चीवरून पडून मृत्यू होतो. पोलिसांच्या मते ती आत्महत्या, भावाच्या मते खून. तात्पुरती सचिव म्हणून आलेली रॉबिन एलाकॉट पुढे त्याची सहकारी होते. तपास जुन्या वळणाचा आहे. एकेका साक्षीदाराला गाठायचे, बोलते करायचे आणि विसंगती टिपायची.

रोलिंग या प्रांतात नवख्या नव्हत्याच, असे म्हणता येईल. पॉटरमालिकेचा सांगाडाही रहस्यकथेचाच होता. रॉनचा पाळीव उंदीर तिसऱ्या पुस्तकात काय ठरतो, हे आठवावे. फरक इतकाच की इथे अडचणीतून सोडवायला जादूची कांडी नाही. जिना चढताना स्ट्राइकचा कृत्रिम पाय ठणकतो आणि ते दुखणे वाचकालाही जाणवते. कोड्यापेक्षा ही दोन माणसे अधिक लक्षात राहतात. दोष आहे तो पाल्हाळाचा. ‘ट्रबल्ड ब्लड’ (२०२०) नऊशेहून अधिक पानांची, तर ‘द इंक ब्लॅक हार्ट’ (२०२२) हजाराच्या पलीकडची. बाबूराव अर्णाळकरांच्या एका बैठकीत संपणाऱ्या पुस्तकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे आकारमानच धडकी भरवील.

बीबीसीने २०१७ मध्ये टॉम बर्क यांना घेऊन या कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. मालिकेतील आठवी कादंबरी ‘द हॉलमार्क्ड मॅन’ सप्टेंबर २०२५ मध्ये आली. खरे नाव जगजाहीर होऊन बारा वर्षे लोटली होती, तरी लेखक म्हणून नाव रॉबर्ट गॅलब्रेथ यांचेच होते.