मिरी, मिरची आणि दोन पंगती

घटस्थापना झाली की बाल्कनीतल्या कुंड्या उलथ्यापालथ्या करायच्या, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता. मेथी, कोथिंबीर, मुळा पेरायचा, टोमॅटोची रोपं मोठ्या कुंडीत हलवायची आणि पावसाळ्यात लावलेल्या मिरचीला मूठभर शेणखत घालायचं. पाऊस ओसरला की मिरची फुलांनी नुसती लगडते. (पानं आकसली नाहीत तर! आकसली की समजायचं, फुलकिडे आले आणि चुरडामुरडा सुरू झाला.) माती कालवताना डोकं रिकामं असतं, त्यामुळे नसते प्रश्न पडतात. यंदाचा प्रश्न असा, की या कुंड्यांमध्ये 'आपलं' नेमकं काय आहे?

मेथी, कोथिंबीर फार जुन्या. टोमॅटो आणि मिरची मात्र थेट अमेरिकेतून आलेली. १४९२ च्या आधी अमेरिकेबाहेर मिरची कोणी चाखलीच नव्हती. म्हणजे बघा, ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. माउलींच्या काळात भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता!

कोलंबस निघाला होता आपली काळी मिरी शोधायला. सापडली मिरची. जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत त्याने नोंदवलंय, की ही मिरीपेक्षा मोलाची आहे, वर्षाला पन्नास जहाजं भरून नेता येईल. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, तोही मिरीसाठीच. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. गंमत म्हणजे १५९० च्या दशकातल्या 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही पदार्थांचे जिन्नस दिलेत, त्यात मिरी आहे, मिरची नाही. दरबारात शिरायला तिला वेळ लागला.

गरिबाघरी मात्र ती रुजली, आणि त्याचं कारण साधं आहे. मिरीच्या वेलाला भरपूर पाऊस, दमट हवा आणि चढायला झाड लागतं. ते मलबारात, कोकणात जमतं, देशावर नाही. देशावरच्या माणसाला मिरी विकतच घ्यावी लागणार. मिरचीचं तसं नाही. एका फळात ढीगभर बिया, काही महिन्यांत पीक, उन्हात वाळवली की वर्षभराची बेगमी. परसात चार झाडं लावली की वाण्याकडे जायलाच नको. ज्यांच्या ताटात भाकरीबरोबर दुसरं फारसं काही नसायचं, त्यांना ही केवढी मोठी सोय! पोर्तुगीज मिरीचा व्यापार मुठीत धरायला आले आणि मिरीशिवाय भागेल अशी वस्तू स्वतःच देऊन गेले.

आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर जुना भाग काढून त्याच जागी नवा बसवला, बाकी प्रोग्रॅमला पत्ताही लागला नाही. नाव बघा: मिरीवरून मिरची. बटाटा आपलं पोर्तुगीज नाव घेऊन आला, मिरचीने मात्र इथल्याच मिरीचं नाव उचललं. आणि 'तिखट' हा शब्द? मुळात चवीचा. आज 'घरातलं तिखट संपलंय' म्हटलं की डबा कुठला ते सांगावं लागत नाही.

पण मला सगळ्यात मजा वाटते ती आपल्याच घरातल्या दोन स्वयंपाकांची. एक, पितृपक्षातला. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची चालत नाही, मिरी वापरतात. बटाटा, टोमॅटो, फ्लॉवरही नाही. म्हणजे पितरांना त्यांच्या ओळखीचं जेवण! (नियम अगदी काटेकोर आहे असंही नाही. तांबडा भोपळा चालतो, आणि तोही अमेरिकेचाच.) दुसरा, पंधरवड्यातच येणारा नवरात्रातला उपासाचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची... सगळे मूळचे अमेरिकेचे! हजारो वर्षं इथे पिकणारा गहू उपासाला चालत नाही, आणि साबुदाण्याची खिचडी मात्र सोवळ्यात.

यावर हसू नये असं मला वाटतं. श्राद्धाच्या पानात जुन्या जेवणाची थोडी आठवण उरली आहे, उपासाच्या पानात परकेपणाचा पूर्ण विसर पडलाय, आणि दोन्ही पानं एकाच घरातली. 'आमच्या संस्कृतीत हे कधी नव्हतं' असं कोणी तावातावाने बोलू लागलं, की मला दारावरचं लिंबू-मिरची आठवतं. बाहेरचं काही घरात शिरू नये म्हणून आपण जी राखण टांगतो, तिच्यातली मिरचीच बाहेरून आलेली आहे.

असो. बी हवं असेल तर झाडावरच लाल झालेली मिरची राखून ठेवा. आणि बिया काढल्यावर डोळ्यांना हात लावू नका. तिखटपणा खरा बियांत नसतोच, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यात असतो.