लखोबाला टाळ्या का पडतात?

कल्याणच्या रंगमंदिराला ज्यांचं नाव आहे, त्या आचार्य अत्र्यांच्या एका खलनायकाबद्दल आज बोलूया. लखोबा लोखंडे!

नाटक 'तो मी नव्हेच', साल १९६२, दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. नावं आणि वेष बदलून त्याने बायकांशी लग्नं केली, त्यांना लुबाडलं. साक्षीदार एकेक करून त्याला ओळखतात आणि हा शांतपणे म्हणतो, तो मी नव्हेच! प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपं घ्यायचे. रंगमंच फिरता, त्यामुळे कोर्टातून झटकन जुन्या प्रसंगात जाता यायचं.

आता गंमत बघा. गुन्हेगार कोण, हे आपल्याला माहीतच असतं. उत्सुकता एकच, आता हा कसा सटकणार? म्हणजे नकळत आपण त्याच्या गुपितात सामील होतो. त्यात साक्षीदार रडतात, चिडतात आणि हा मात्र हजरजबाबी. मग टाळी कोणाला पडणार?

मला वाटतं, आपल्याला त्याचा दुष्टपणा आवडत नाही, त्याचं न घाबरणं आवडतं. आपल्याला बॉससमोर साधी थाप मारतानाही घाम फुटतो ना!

पण दुसरी बाजूही आहे. मुंबई प्रांतात १९४६ मध्येच हिंदूंसाठी द्विभार्याबंदी आली, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा देशभर आला. कायदा होता, पण फसवलेल्या बाईला भर कोर्टात आपलीच फसगत सांगावी लागायची. लखोबाचं खरं हत्यार वेष नव्हतं, त्या बायकांना वाटणारी लाज होती.

आजही तेच चालतं. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाने गंडवलं. महिनाभर ते घरातही बोलले नाहीत. का? तर म्हणे, "लोक हसतील रे."

आणि आपण हसतोच की! म्हणून लखोबाला टाळी जरूर द्या, पणशीकरांची ती कमाईच आहे. फक्त थिएटरबाहेर आलात की साक्षीदाराच्या बाजूने उभे राहा. कोणी "मी फसलो" म्हणालं, तर आधी नीट ऐकून घ्या.

भेटूया पुढच्या भागात!