तळटीप : कळंब्याची वानरे आणि बिबट्या

१. कळंब्याला आलेल्या वानरांना लेखक ‘पूर्वज’ म्हणतात. खरे तर ते आपले चुलत घराणे. शेपटीवाली माकडे आणि बिनशेपटीचे कपी यांच्या वाटा अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीच फुटल्या. वैरी मात्र दोन्ही घराण्यांचा एकच, बिबट्या. राधानगरीच्या रानात तो दिसला की वानर शेंड्यावरून खाकरत राहतो, सगळी टोळी सावध होते. आफ्रिकेत चिंपांझीही त्याच्या तावडीत सापडतात. सर्वांत बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेतला : मानवकुळातल्या परांथ्रोपसच्या एका पोराच्या कवटीला दोन भोके आहेत. बिबट्याचे खालचे सुळे त्यांत नेमके बसतात, हे सी. के. ब्रेन यांनी दाखवले. – संपा.