साडेपाच मिनिटं आणि चिंचवडची तालीम

आजचा एपिसोड पहाटे सुरू होतो, स्पाइन रोडवर. हातात मोबाईल, मोबाईलवर स्टॉपवॉच, आणि समोरून धापा टाकत येणारा माझा मावसभाऊ. तो चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. फर्स्ट शिफ्ट असली की चारला उठून धावतो, नाईट असली की सकाळी सुटल्यावर, उपाशीपोटी. मागच्या रविवारचा टाइम: 5 मिनिटं 52 सेकंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर धावायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर 60 पैकी 60. मग बीम, म्हणजे पुल-अप्स. दहा मारले की 40 मार्क. शिवाय 9 फुटी खड्डा, झिगझॅग बॅलन्स, आणि छाती 77 सेंटिमीटर, फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. हे 1.6 किलोमीटर कुठून आलं? तर तो एक मैल आहे. इंग्रज गेले, त्यांचा मैल राहिला.

तर त्या दिवशी धावून झाल्यावर आम्ही चिंचवडगावात चहाला थांबलो. चाफेकर चौकातल्या पुतळ्यांकडे बघत भाऊ म्हणाला, "दादा, हे पण रोज व्यायाम करायचे ना? मग हे का नाही गेले फौजेत?"

प्रश्न त्याने सहज विचारला होता. पण उत्तर खरंच इंटरेस्टिंग आहे. दामोदर हरी चाफेकरला फौजेतच जायचं होतं!

दामोदरचा जन्म 1869 चा, घर चिंचवडचं. वडील हरिभाऊ कीर्तनकार. पोरं त्यांच्या मागे उभी राहून साथ करायची. पण दामोदरचा जीव टाळ-पेटीत नव्हता. त्याला शस्त्र चालवायला शिकायचं होतं, कवायत शिकायची होती. त्याने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त आहे, त्यात हे सगळं येतं. सैन्यात शिरायचे प्रयत्न त्याने केले. घेतलं नाही. मग त्याने आणि धाकट्या बाळकृष्णने पोरं गोळा केली आणि स्वतःचंच मंडळ काढलं: सूर्यनमस्कार, धावणं, कवायत. 1918 च्या रौलट समितीच्या अहवालात या मंडळाची नोंद आहे, शारीरिक आणि लष्करी शिक्षण देणारं मंडळ म्हणून.

आता तो अनफिट होता म्हणून नाकारला गेला का? अजिबात नाही. 1857 नंतर इंग्रजांनी फौजेचं गणितच बदललं होतं. 1885 ते 1893 लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं ठाम मत असं की काही जाती जन्मानेच लढवय्या आणि बाकीच्या नाहीत. उत्तरेकडचे शीख, गुरखे, पठाण वर; दक्षिणेकडचे खाली. ब्राह्मणांवर तर आधीपासून संशय, त्यात पुण्याचे चित्पावन म्हणजे पेशवाईची आठवण. अशा पोराने मैल पाच मिनिटांत मारला असता तरी स्टॉपवॉच चालू करायला कोणी नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडणं होतील. चाफेकर बंधू कट्टर सनातनी होते. आगरकरांसारख्या सुधारकांच्या विचारांचा त्यांना मनस्वी राग होता. समतेसाठी लढणारे म्हणून त्यांच्याकडे बघू नका. पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1897 चा प्लेग, रँडचा कारभार, घराघरांत शिरणारे गोरे सोजिर. ज्या फौजेने दामोदरला घेतलं नाही, तीच झडतीला दारात आली. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हो, तोच रस्ता, जिथे आज आपण युनिव्हर्सिटी चौकापाशी ट्रॅफिकमध्ये अडकतो. 18 एप्रिल 1898 ला दामोदरला येरवड्यात फाशी झाली.

पण त्याच दशकात याहून मोठा अन्याय झाला, आणि तो शाळेत मला कोणी शिकवला नाही. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने गेलात की पुढे कोरेगाव भीमा लागतं. 1 जानेवारी 1818 ची लढाई आणि तिथला स्तंभ सगळ्यांना माहीत आहे. कंपनीच्या फौजेत महार शिपाई किती होते हे त्या स्तंभावरची नावंच सांगतात. पिढ्यानपिढ्या हे लोक बॉम्बे आर्मीत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. आणि 1892 च्या सुमारास एका धोरणाने महारांची भरती बंद. पराक्रम कमी पडला नव्हता, मेडिकलमध्ये कोणी फेल झालं नव्हतं. लढाऊ जातींच्या यादीत नाव नाही, बस्स.

विचार करा, बापाची पेन्शन चालू आहे, बिल्ला भिंतीवर टांगलाय, आणि पोराला गेटवरूनच परत पाठवतात. गावात दुसरं काय होतं? बलुत्याची कामं आणि अस्पृश्यता. फौज म्हणजे पगार, शाळा, बूट. तो एकच जिना होता आणि तो काढून घेतला.

महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे मागणी केली, फौजेत आणि पोलिसात घ्या. नंतर पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली आणि 1917 मध्ये 111 वी महार्स पलटण उभी राहिली. तीच माणसं, तीच जात, तीच छाती. अचानक लढाऊ! युद्ध संपलं, 1921 मध्ये पलटण मोडली. पुढचं युद्ध आल्यावर 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा डिफेन्स अ‍ॅडव्हायझरी कमिटीवर होते आणि त्यांनी यासाठी जोर लावला होता.

हा जुना काळ वाटत असेल तर खडकवासल्याकडे बघा. एनडीएच्या परीक्षेला मुलींना 2021 पर्यंत बसताच येत नव्हतं. ऑगस्ट 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने दार उघडायला लावलं. मे 2025 मध्ये 17 मुली तिथून पासआउट झाल्या. त्याआधीच्या मुली काय कमी धावत होत्या?

हे सगळं मी भावाला चहाच्या दोन कपांत सांगितलं. तो ऐकत होता, पण मधेमधे घड्याळ बघत होता. म्हणाला, "म्हणजे मला निदान धावायला तरी देतात." मग जरा थांबून म्हणाला, "पण दादा, ज्याला नाईट नाही, ज्याच्या घरी रोज अंडी-दूध आहे, त्याचं आणि माझं स्टॉपवॉच एकच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. अग्निवीरला वयोमर्यादा आहे आणि काही महिन्यांत तो ती ओलांडतो. रॅलीची एकच संधी उरली आहे. त्यात निवड झालीच तर चार वर्षं, आणि त्यानंतर चारांतला एक कायम.

या आठवड्यात त्याने सुपरवायझरला सांगून नाईट बदलून घेतली आहे, ओव्हरटाइम सोडून. काल सकाळचा टाइम 5:41. बीम सात. पुढच्या रविवारी मी परत स्पाइन रोडला आहे, स्टॉपवॉच घेऊन.